स्क्रॅबल : भाषेच्या तासाला की गणिताच्या?

हिंजवडी परिसरातील काही शाळांत अलीकडे स्क्रॅबलच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे या गावाभोवती देशभरातील कुटुंबे येऊन राहिली, इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या आणि बुद्धिबळाच्या पटाशेजारी स्क्रॅबलचा पटही येऊन बसला. आम्ही याच भागात नोकरी करतो. अशा दोन स्पर्धा आम्हांला पाहावयास मिळाल्या. एकीत तर पंच म्हणूनही बसावे लागले. त्यावरून जे विचार सुचले ते शिक्षकांपुढे ठेवीत आहोत.

दोन्ही ठिकाणच्या सूचनापत्रकांत स्पर्धेचा हेतू एकच दिला होता. तो म्हणजे मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा. त्याला धरून संघांची निवडही इंग्रजीच्या शिक्षकांनी, इंग्रजीतील गुण पाहून केली होती. गणितात चांगली, पण इंग्रजीत जेमतेम असलेली मुले निवडीपर्यंत पोहोचलीच नव्हती. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. स्पर्धेच्या पातळीवरचा स्क्रॅबल हा मुख्यतः मोजणीचा, संभाव्यतेचा आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा खेळ आहे. शब्द हे त्यातील साहित्य होय, जसे पत्त्यांच्या खेळात पत्ते. तो भाषेचा खेळ समजून शाळेत आणला, तर ज्यांना तो उत्तम जमेल अशी निम्मी मुले दाराबाहेर राहतात आणि आत आलेल्यांनाही त्यातील खरा भाग शिकविला जात नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर पटावर १५ गुणिले १५ म्हणजे २२५ घरे असतात आणि पिशवीत १०० सोंगट्या. त्यांपैकी ९८ सोंगट्यांवर इंग्रजी अक्षर व त्याचे गुण असतात, दोन कोऱ्या असतात आणि त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. ‘ई’ बारा वेळा, ‘ए’ व ‘आय’ नऊ-नऊ वेळा, तर ‘क्यू’, ‘झेड’, ‘एक्स’, ‘जे’, ‘के’ ही प्रत्येकी एकदाच. प्रत्येकाच्या पट्टीवर सात सोंगट्या. पटावरील शब्दांना जोडून नवा शब्द मांडावयाचा, गुण घ्यावयाचे आणि पिशवीतून भर घालावयाची. साती सोंगट्या एकाच खेळीत मांडल्या तर ५० गुण जादा. हवे असल्यास शब्द न मांडता काही सोंगट्या बदलून घेता येतात, मात्र त्यात पाळी जाते. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी २५ मिनिटे मिळतात.

शब्दाचा अर्थ मात्र कोठेही विचारला जात नाही. शब्द मान्य यादीत आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील इंग्रजी यादीत सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या पदवीधरालाही ठाऊक नसतात. अव्वल खेळाडू हे शब्द पाठ करतात ते अक्षरांचे गट म्हणून. पट्टीवरील सात अक्षरे मनात वर्णानुक्रमे लावावयाची आणि त्या क्रमाला जोडलेला शब्द आठवावयाचा, अशी ही पद्धत आहे. रसायनाच्या विद्यार्थ्याने आवर्त सारणी पाठ करावी त्या जातीचे हे पाठांतर आहे. कविता पाठ करण्याशी त्याचे नाते दूरचे.

याचा पुरावा म्हणून एका खेळाडूचे उदाहरण पुरेसे आहे, आणि त्याचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. २००७ सालच्या नोव्हेंबरात स्क्रॅबलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली होती. तीत न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स याने मलेशियाच्या गणेश असिर्वादम याला अंतिम लढतीत ३-० असे हरवून पहिले जागतिक विजेतेपद मिळविले. पुढे २०११, २०१३, २०१८ व २०१९ या वर्षीही तो विजेता ठरला. परंतु आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना २०१५ सालची आहे. त्या वर्षी बेल्जियममध्ये झालेली फ्रेंच भाषेतील जागतिक स्पर्धा याच गृहस्थाने जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी पाठ करून तो उतरला होता. २०२४ मध्ये स्पॅनिश स्पर्धेतही त्याने हेच करून दाखविले. थायलंडचे उदाहरणही असेच आहे. तेथे इंग्रजी ही घरची भाषा नाही, तरी शाळाशाळांतून हा खेळ खेळला जातो, आणि २००३ साली पानुपोल सुज्जयकोर्न व २००९ साली पाकोर्न नेमित्रमान्सुक असे दोन जागतिक विजेते त्या देशाने दिले.

यावर कोणी म्हणेल की पाठांतर करणाराच जिंकतो, तर यात बुद्धीचे काय? पाठांतर ही प्रवेशाची अट आहे हे खरे. पण वरच्या फळीतील सगळ्यांचेच पाठांतर झालेले असते. तेथून पुढे जो फरक पडतो तो निर्णयांचा. त्यातील एक निर्णय आम्ही प्रत्यक्ष पाहिला, तो येथे सविस्तर सांगतो.

आठवीतील एका मुलीला पहिलीच खेळी करावयाची होती. पट्टीवर यू, यू, आय, आय, ओ, ई आणि व्ही अशी अक्षरे होती, म्हणजे सहा स्वर आणि एक व्यंजन. तिला व्ही-आय-ई हा तीन अक्षरी शब्द दिसत होता, कारण तिने बोटाने तो लावून पाहिला. मधल्या घरावर पहिल्या शब्दाचे गुण दुप्पट होतात, म्हणून त्याचे १२ गुण मिळाले असते. तिने थोडा वेळ विचार केला, ‘ई’ ठेवून घेतले आणि उरलेल्या सहाही सोंगट्या बदलून मागितल्या. मागे उभ्या असलेल्या शिक्षकांनी तिला तेथेच टोकले, “अगं, येत असलेला शब्द सोडून पाळी फुकट घालवलीस!” मुलगी खाली मान घालून बसली.

हिशेब करून पाहू. सर्व १०० सोंगट्यांत ४२ स्वर आहेत. त्यांतील सहा तिच्याकडे होते. म्हणजे तिला न दिसणाऱ्या ९३ सोंगट्यांत ३६ स्वर उरले, प्रमाण सुमारे ३९ टक्के. तिने शब्द मांडला असता तर पट्टीवर आय, ओ, यू, यू हे चार स्वर राहिले असते आणि तीन सोंगट्या नव्याने आल्या असत्या. त्यांत सरासरीने १.१६ स्वर. म्हणजे पुढच्या पाळीला सातांपैकी पाचांहून अधिक स्वर, आणि त्यांत दोन ‘यू’. अशा पट्टीतून मोठा शब्द निघणे जवळजवळ अशक्य. उलट तिने जे केले त्यात एक स्वर हाती आणि सहा नव्या सोंगट्यांत सरासरीने २.३ स्वर, एकूण ३.३. सात अक्षरी शब्दाला साधारण हेच मिश्रण लागते. १२ गुण आज घ्यावयाचे आणि पुढच्या एक-दोन पाळ्या अडून बसावयाचे, की आज शून्य घेऊन पुढची पट्टी सुधारावयाची, असा तो प्रश्न होता. मुलीने पट्टी सुधारली. हा निर्णय चुकीचा होता असे कोणताही जाणता खेळाडू म्हणणार नाही. शिक्षकांनी मात्र फळ्यावर शून्य पाहिले आणि त्यावरून निर्णयाची किंमत केली.

त्या मुलीला पुढच्या सहा सोंगट्यांत पाच स्वर आले असते तर? तेही शक्य होते. आले असते तरी निर्णय बरोबरच राहिला असता. निर्णय घेताना जेवढी माहिती होती तेवढ्यावरूनच तो तपासावयाचा असतो, नंतर काय घडले त्यावरून नव्हे. हवामानखात्याने पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि पाऊस आला नाही, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. पण शाळेत संभाव्यता शिकविताना आपण नाणे व फासा यांपलीकडे क्वचितच जातो, त्यामुळे ही गोष्ट मुलांच्या अंगी मुरत नाही.

जाणकार खेळाडू प्रत्येक खेळीची किंमत दोन भागांत करतात. एक, आता मिळणारे गुण. दुसरा, पट्टीवर मागे राहणाऱ्या सोंगट्यांची किंमत. ‘एस’ या अक्षरावर छापील गुण एकच आहे. परंतु ते बहुतेक शब्दांच्या शेवटी जोडता येते, म्हणून हाती असलेल्या ‘एस’ची किंमत अंदाजे आठ गुण धरतात. ते आठ-एक गुण जादा मिळत असतील तरच खर्चावयाचे. कोरीवर तर गुण छापलेलेच नाहीत, पण तिची किंमत पंचवीस गुणांच्या आसपास किंवा त्याहून अधिक. एस, ए, टी, आय, एन, ई ही सहा अक्षरे हाती राहिली तर सातवे जवळजवळ कोणतेही आले तरी सात अक्षरी शब्द होतो. अशा वेळी दहा-बारा गुणांचा मोह सोडून एकच नको असलेली सोंगटी टाकणे शहाणपणाचे ठरते. पहिल्याच सात सोंगट्यांत निदान एक ‘एस’ किंवा कोरी येण्याची संभाव्यता किती, हे उदाहरण अकरावीच्या वर्गाला जरूर घालावे. अशा सोंगट्या सहा, न येण्याची संभाव्यता ९४ पासून ८८ पर्यंतच्या सात संख्यांचा गुणाकार भागिले १०० पासून ९४ पर्यंतच्या सात संख्यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.६४. येण्याची ०.३६.

या किमती आल्या कोठून? पूर्वी अनुभवाने, आणि आता संगणकावरून. अमेरिकेतील ब्रायन शेपर्ड यांनी १९८०च्या दशकात ‘मेव्हन’ नावाचा कार्यक्रम लिहावयास घेतला. त्याची युक्ती समजण्यास सोपी आहे. प्रतिस्पर्ध्याकडे काय आहे ते ठाऊक नाही, पण पटावर काय आले आणि आपल्याकडे काय आहे हे वजा केले की न दिसणाऱ्या सोंगट्यांची यादी मिळते. त्यांतून यदृच्छेने सात उचलून प्रतिस्पर्ध्याला दिल्या असे मानावयाचे, आपली एक खेळी करून पाहावयाची, त्याचे उत्तर, आपले प्रत्युत्तर, आणि शेवटी गुणांतील फरक नोंदवावयाचा. असे लुटुपुटीचे डाव शेकडो वेळा खेळून प्रत्येक खेळीची सरासरी काढावयाची. अर्थात सरासरीतही अनिश्चितता असते. समजा एका लुटुपुटीच्या डावातील चढउतार ३० गुणांचा आहे. मग १०० डावांच्या सरासरीत तो ३० भागिले १०, म्हणजे ३ गुण राहतो. तो एका गुणावर आणावयाचा तर ९०० डाव लागतात. तिप्पट अचूकतेला नऊपट कष्ट हा वर्गमुळाचा नियम प्रयोगशाळेत आम्हांला रोज भेटतो. याच पद्धतीवर चालणाऱ्या ‘क्वॅकल’ या कार्यक्रमाने २००६ साली टोरांटोत, १९९५चा जगज्जेता डेव्हिड बॉइज याला पाच डावांच्या लढतीत ३-२ असे हरविले. संगणकाला शब्दांचे अर्थ कळत नव्हते, हे सांगणे नकोच.

डाव संपत आला की संभाव्यता हळूहळू निश्चितीत बदलते, आणि मुलांना हा भाग फार आवडतो असा आमचा अनुभव आहे. कोणत्या सोंगट्या येऊन गेल्या ते कागदावर खुणा करून मोजण्यास स्पर्धेत मुभा असते. समजा पिशवीत एकच सोंगटी उरली आहे. न दिसणाऱ्या सोंगट्या आठ, सात प्रतिस्पर्ध्याकडे आणि एक पिशवीत. ‘क्यू’ अजून पटावर आलेला नाही. तर तो प्रतिस्पर्ध्याकडे असण्याची संभाव्यता ७/८. अशा वेळी ‘क्यू’ बसू शकेल ती जागा आपण आधी अडवून टाकली तर तो त्याच्या पट्टीवर अडकतो, आणि आपण आधी मोकळे झालो तर अडकलेल्या सोंगटीच्या दुप्पट, म्हणजे २० गुण आपल्याला मिळतात. पिशवी रिकामी झाल्यावर तर दोघांनाही सर्व माहीत असते. तेथून पुढे हा खेळ बुद्धिबळासारखा चालतो. आम्ही पाहिलेल्या दोन्ही स्पर्धांत मात्र सोंगट्यांची नोंद ठेवणारे एकही मूल नव्हते. एकाने विचारले तेव्हा ती ‘कॉपी’ होईल असे त्याला सांगण्यात आले!

आणखी एक आक्षेप स्पर्धेच्या रचनेविषयी. दोन्हीकडे बाद पद्धत होती, म्हणजे एक डाव हरला की घरी. सोंगट्यांच्या नशिबाचा वाटा एकेका डावात मोठा असतो. आपण असे धरू की एक मूल इतरांपेक्षा स्पष्ट सरस आहे आणि कोणाविरुद्धही दहापैकी सहा डाव जिंकते. सोळा मुलांच्या बाद स्पर्धेत त्याला लागोपाठ चार डाव जिंकावे लागतील. संभाव्यता ०.६ चा चौथा घात, सुमारे १३ टक्के. म्हणजे सर्वांत चांगले मूल आठ वेळांपैकी सात वेळा हरून जाणार, आणि आपण दुसऱ्याच कोणाला ‘शब्दसम्राट’ म्हणून ढाल देणार. पाचपैकी तीन डाव अशी एकेक लढत ठेवली तरी ०.६ चे फार तर ०.६८ होते. म्हणून मोठ्या स्पर्धांत बुद्धिबळातल्या स्विस पद्धतीसारखी जोड्या लावण्याची रीत वापरून सर्वांना पुष्कळ फेऱ्या खेळू देतात. शाळेला हे अवघड नाही. एका दिवसाऐवजी दर शनिवारी दोन डाव ठेवावेत आणि सत्राअखेर बेरीज करावी.

खेळ निर्दोष आहे असेही नाही. त्याची गुणव्यवस्था जुनी झाली आहे. अमेरिकेतील मंदीत काम गमावलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात वृत्तपत्रांची पाने घेऊन त्यांतील अक्षरे मोजली आणि सोंगट्यांची संख्या ठरविली. १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव देऊन तो बाजारात आणला. बट्स यांचे काम कसोशीचे होते, यात शंका नाही. अनेकवचनांचा सुळसुळाट होऊ नये म्हणून ‘एस’च्या चारच सोंगट्या ठेवण्याचा त्यांचा निर्णय आजही दाद द्यावी असा आहे. परंतु वृत्तपत्रातील वारंवारता वेगळी आणि शब्दयादीतील वेगळी. शिवाय नंतरच्या याद्यांत क्यू-आय, झेड-ए असे दोन अक्षरी शब्द मान्य झाले, त्यामुळे दहा गुणांची अक्षरे पूर्वीपेक्षा पुष्कळ सहज खपतात. २०१३च्या सुरुवातीस जोशुआ लुईस या संशोधकाची नव्याने केलेली गणना चर्चेत आली. तीनुसार ‘एक्स’चे गुण आठावरून पाच आणि ‘झेड’चे दहावरून सहा व्हावयास हवेत. अधिकृत खेळात काही बदलले नाही. खेळाडूंचे म्हणणे असे की छापील गुण आणि खरी किंमत यांतील तफावत ओळखणे हेच तर कौशल्य. आम्हांला हे समर्थन अर्धेच पटते. तफावत ओळखता येते हे खरे, पण ‘झेड’ कोणाच्या हाती येणार हे कौशल्यावर ठरत नाही.

मग मराठीत असा खेळ का नसावा, असे शिक्षक विचारतात. प्रयत्न झालेले आहेत, होतीलही. पण इंग्रजी पटाची नक्कल करून तो जमणार नाही, आणि का जमणार नाही हे शोधणे हाच वर्गासाठी उत्तम प्रकल्प आहे. पहिला प्रश्न, सोंगटीवर काय लिहावयाचे? आपल्या शब्दकोड्यांत एका घरात मात्रेसह पूर्ण अक्षर असते. तसेच करावयाचे म्हटले तर ३४ व्यंजने गुणिले बारा, म्हणजे बाराखडीचीच ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळी. शंभर सोंगट्यांत ती मावत नाहीत. व्यंजन आणि मात्रा वेगळ्या सोंगट्यांवर घेतल्या, तर एका घरात दोन-तीन सोंगट्या येतील. मग ‘सात सोंगट्यांचा शब्द’ म्हणजे काय? ‘पुस्तक’ हा तीन घरांचा शब्द, पण सोंगट्या पाच.

दुसरा प्रश्न शब्दयादीचा. घर, घरा, घरां, घराला, घरातून, घरांतल्या यांपैकी चालू द्यावयाची कोणती रूपे? सर्व दिली तर अनुस्वाराची सोंगटी इंग्रजी ‘एस’पेक्षाही मोलाची ठरेल. कोशावर सोपवावे तर मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळातला. शुद्धलेखनाचे नवे नियम त्यानंतर १९६२ साली आले. त्यामुळे कोशातील ‘नाहीं’ आणि मुलाच्या वहीतील ‘नाही’ यांत एका सोंगटीचा फरक पडतो, आणि पंचाला तासभर वाद ऐकावा लागतो. याच नियमांनी मराठी शब्दांच्या अंती येणारी वेलांटी दीर्घ केली, ‘आणि’ व ‘नि’ यांसारखे थोडे अपवाद सोडून. म्हणजे पहिल्या वेलांटीची सोंगटी शब्दाच्या शेवटी जवळजवळ निरुपयोगी, दुसरीची मात्र तेथे मोठी मागणी.

आणि गुण कसे ठरवावयाचे? बट्स यांनी केले ते नववीच्या वर्गाला एका आठवड्यात करता येईल. बालभारतीच्या पुस्तकातील एक पान आणि शब्दकोशातील एक पान घ्यावे, दोन्हींतील व्यंजने व मात्रा वेगळ्या मोजाव्यात आणि स्तंभालेख शेजारी-शेजारी काढावेत. पाठ्यपुस्तकाच्या पानावर ‘आहे’ आणि ‘च्या’ यांमुळे काही अक्षरे फुगलेली दिसतील, कोशाच्या पानावर ती ओसरलेली असतील. त्यानंतर ‘ळ’कडे पाहावे. या अक्षराने मराठीत शब्द सुरू होत नाही, पण फळ, मूळ, जवळ, कपाळ असे शेवटी ते किती तरी शब्दांत येते. पट्टीवर ‘ळ’ असलेल्या खेळाडूला तो कोठे जोडता येईल आणि कोठे नाही याची यादी मुलांनी करावी, आणि मग त्याला एक गुण द्यावयाचा की पाच, ते वर्गातच ठरवावे.